टेरिकॉट चालेल का? अदलाबदलीच्या गोधडीमागचा इतिहास

सोलापुरातल्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींच्या एका गटाची अदलाबदलीची गोधडी सध्या एकाच प्रश्नावर अडली आहे. चौकोन फक्त सुती कापडाचे घ्यायचे, की टेरिकॉटही, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापडही, चालवून घ्यायचं? बाकी सगळं ठरलेलं आहे. वीस जणी आहेत. प्रत्येकीनं आपल्या नमुन्याचे वीस चौकोन शिवायचे, एक स्वतःकडे ठेवायचा आणि एकोणीस वाटायचे. चौकोन जोडल्यावर १२ इंच भरला पाहिजे, म्हणजे तयार करताना साडेबारा. चार बाय पाच मांडले की ४८ बाय ६० इंच होतात, आणि भोवतीनं सहा इंची पट्टी लावली की ६० बाय ७२ची गोधडी तयार. नियमांच्या कागदावर 'फक्त १०० टक्के सुती' ही ओळ पहिल्यापासून होती. परदेशातल्या अशाच अदलाबदलीच्या नियमांवरून ती उतरवून घेतली होती आणि तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. चौकोन जमा होऊ लागले तेव्हा दोघींनी गणवेशाच्या टेरिकॉट कापडाचे आणले. ते बाजूला काढले गेले. तेव्हापासून दोन्ही बाजू परंपरेचाच दाखला देत बोलतायत, म्हणून थोडं मागं जाणं भाग आहे.

फार मागं जायची मात्र गरज नाही. वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची घरगुती गोधडी, कशी शिवतात हे इथं कुणाला सांगायला नको. रानातली कामं उरकल्यावर, उन्हं कडक झाली की अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर फाटकी धोतरं, विरलेल्या चादरी, उसवून सपाट केलेले पोरांचे सदरे लावत जायचं, वरून दुसरं लुगडं ओढायचं आणि कडांवर दगड ठेवायचे. मग चार बाजूंना चौघी बसून धावदोरा घालत कडेकडून आत सरकायचं. अक्कलकोटच्या बाजूला तिला कौदी म्हणतात, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बोंत. पद्धत थोडीफार इकडेतिकडे, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: कापड घरात असेल ते. विकत आणून वाकळ शिवणं ही कल्पनाच नव्हती. बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या लुगड्याचं करायचं तेही याच हिशेबानं, कारण वर्षानुवर्षं धुतलेल्या सुतासारखं मऊ काही नसतं.

आता 'घरात असेल ते' म्हणजे काय, हे सोलापुरात गिरण्यांनी ठरवलं. १८७७ साली, दुष्काळाच्या ऐन वर्षांत, शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढं तिचं नावच 'जुनी मिल' पडलं. तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या, हातमाग होतेच, नंतर यंत्रमाग वाढले. गिरणीत काम करणाऱ्याच्या घरी डागी कापड, कटपीस, ताग्याची शेवटची वावभर चिंधी यायची. सोलापुरी चादर घराघरांत पोचली तशी जुनी झालेली चादर वाकळीच्या पोटात जाऊ लागली. ती जाडजूड, त्यामुळं दोनच थर पुरायचे, फक्त सुई घालताना हात भरून यायचे. टॉवेलच्या कारखान्यांमुळं टर्किशच्या पट्ट्याही त्यात आल्या. शहराचं शंभर वर्षांचं कापडकाम या वाकळींच्या पोटात थरांनी साठलेलं आहे, आणि ते सगळं सुती आहे. पण ते सुती असावं असं कुणी ठरवलं नव्हतं. त्या काळी दुसरं कापडच नव्हतं.

याच काळात वाकळीची पतही घसरली. चिंध्यांची वस्त्रं म्हणजे फकिराची, हे आधीपासूनचंच. पंढरपुरात धर्मशाळा उभारणाऱ्या खराटेवाल्या संताला लोक 'गोधडेबाबा' म्हणायचे ते त्याच्या अंगावरच्या ठिगळांमुळं. ज्या शहराची चादर देशभर जाते त्या शहरात पाहुण्यापुढं वाकळ टाकणं कमीपणाचं वाटू लागलं. वाकळ कॉटखाली गेली आणि फक्त माहेरवाशिणीच्या बाळंतपणात बाहेर येऊ लागली.

खरा बदल झाला तो सत्तरच्या दशकापासून पुढं, आणि आजच्या वादाचं मूळ तिथंच आहे. टेरिकॉटचा शर्ट ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती. इस्त्री मोडत नाही, लवकर वाळतो, रंग जात नाही. नऊवारीची जागा पाचवारीनं घेतली आणि सुती पाचवारीची जागा नायलॉन-पॉलिस्टरनं. दहा-पंधरा वर्षांत घरातल्या जुन्या कपड्यांचं बोचकं सुताचं राहिलं नाही. वाकळ शिवणाऱ्या बायांनी यावर कसलीही चर्चा केली नाही. पॉलिस्टरची साडी घसरते म्हणून त्यांनी दगड वाढवले, टाका जवळ घेतला, गाठीला आणखी एक वेढा दिला. घामाला टोचू नये म्हणून सुती बाजू अंगाकडे आणि चकचकीत साडी बाहेरच्या अंगाला, ही सोय त्यांनीच काढली. 'परंपरेत कृत्रिम कापड बसत नाही' असं म्हणणाऱ्यांनी गेल्या चाळीस वर्षांत शिवलेली कुठलीही वाकळ उसवून पाहावी.

दरम्यान गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जुनी मिल साठच्या दशकातच गेली, नव्वदच्या दशकात उरलेल्यांनाही घरघर लागली. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात तोवर पानिपतच्या स्वस्त पॉलिस्टर ब्लँकेटांनी पाय पसरले होते. बायका विड्या वळत होत्याच. त्यांच्या जोडीला तयार कपड्यांचं काम आलं, आणि गेल्या काही वर्षांत तर शाळेचे गणवेश ही शहराची नवी ओळख झाली आहे. गणवेशाचं कापड म्हणजे बहुतेक पॉलिस्टर-व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर-कॉटन. कारखान्यात कापणी होते, आणि काज-बटण, धागे काढणं, पट्टे उलटवणं अशी कामं नगावर घरी येतात. त्याबरोबर कतरणही येते. राखाडी-पांढऱ्या चौकड्या, गडद निळं, खाकी, मरून. गटातल्या ज्या दोघींचे चौकोन परत गेले त्या हेच काम करणाऱ्या आहेत. त्यांच्या घरी आज 'असेल ते' कापड हे आहे.

त्यातला एक चौकोन मी हातात घेऊन पाहिला. मुलाचा जुना सदरा उसवून मध्यभागी लावलेला, भोवती कतरणीच्या चार पट्ट्या. सदऱ्याचा खिसा काढलेल्या जागी निळा रंग तसाच गडद राहिलाय, बाकी सदरा उन्हानं आणि साबणानं उतरलेला. त्या गडद चौकटीच्या कडेनं पूर्वीच्या टिपेची भोकं दिसतात, आणि त्याच भोकांवरून तिनं पिवळ्या दोऱ्यानं हातटाका फिरवलाय. पट्टीला पट्टी केसभरही चुकलेली नाही. असा चौकोन कापडाच्या जातीवरून बाहेर ठेवणं मला पटत नाही. पण ज्यांनी तो बाहेर ठेवला त्यांचं म्हणणंही नुसतं नाक वर करून केलेलं नाही.

त्यांचं म्हणणं शिलाईचं आहे. नवं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटतं, टेरिकॉट जवळपास आटत नाही. चार टक्के धरले तरी १२ इंचात अर्धा इंच झाला. एका गोधडीत दोन्ही शेजारी आले की सुती चौकोन आवळणार आणि टेरिकॉट फुगणार. पाव इंचाची शिवण सुताला नखानं दाबली तरी बसते, टेरिकॉट परत उभं राहतं. सुताच्या आचेवर इस्त्री फिरवली तर टेरिकॉटला चकाकी येते, कधी चिकटतंच. आणि मे महिन्यात पारा ४३-४४वर गेल्यावर पॉलिस्टर अंगाखाली कोण घेईल? अदलाबदलीत तर आणखी एक अडचण आहे. आपल्या वाकळीत आपण काहीही घालावं, पण इथं आपला चौकोन एकोणीस घरांत जातो आणि बिघडला तर एकोणीस गोधड्या बिघडतात. हा मुद्दा खरा आहे. हातात हात घालून करायच्या कामाला काहीतरी सामाईक माप लागतंच.

पण या नियमाचं वय काय, हे कुणीच विचारलं नाही. अदलाबदलीची मूळं अमेरिकेत १८४०च्या आसपास सापडतात. कापडावर न फुटणारी, न उतरणारी शाई तेव्हा मिळू लागली होती. गाव सोडून पश्चिमेकडे निघालेल्या मैत्रिणीसाठी प्रत्येकीनं एकेक चौकोन शिवायचा, त्यावर आपलं नाव लिहायचं, असा तो रिवाज. ते चौकोन सुती होते, कारण छापील सुती कापड तेव्हा स्वस्त झालं होतं. १८८०च्या दशकात तिथंच रेशीम, मखमल, फितीचे वेडेवाकडे तुकडे एका साध्या कापडाच्या पायावर शिवण्याची लाट आली, तेव्हा सुताचा आग्रह कुणी धरला नाही. १९७०च्या दशकात तिथल्या बायकांनी जाडजूड विणीच्या पॉलिस्टरच्या ढिगानं गोधड्या शिवल्या, त्यातल्या कित्येक आजही फाटलेल्या नाहीत. 'फक्त सुती'चा दंडक पक्का झाला तो त्यानंतर. १९७६ साली त्या देशाला दोनशे वर्षं झाली, जुन्या कलांची आठवण झाली, गोधडीसाठी खास छापलेलं सुती कापड विकणारी दुकानं निघाली, १९७९ मध्ये चाकासारखं फिरणारं कातर बाजारात आलं, आणि मापाला मापानं जुळणारे चौकोन ही अपेक्षा झाली. म्हणजे ज्याला आपल्याकडे शुद्ध परंपरा म्हणून मानलं जातंय तो नियम पन्नासएक वर्षांचा आहे, आणि कापड विकत घेणाऱ्यांच्या सोयीनं वाढलेला आहे.

अमेरिकेतलीच दुसरी एक गोष्ट सोलापूरला जास्त जवळची आहे. अलाबामातल्या एका नदीकाठच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या बायकांनी १९६६ मध्ये गोधड्या शिवण्याची सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये त्यांना एका मोठ्या दुकानसाखळीकडून उशांच्या कॉर्डरॉयच्या अभ्र्यांचं काम मिळालं. काम ठरल्या मापाचं, एकसारखं, कंटाळवाणं. पण उरलेली कॉर्डरॉयची कतरण बायका घरी नेत, आणि त्या जाड, शिवायला अवघड कापडातून त्यांनी ज्या गोधड्या केल्या त्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या. सोनेरी, हिरवट, विटकरी, मोजक्याच रंगांत. ते रंग त्यांनी निवडलेले नव्हते, ऑर्डरीत तेच होते. सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं घरोघरी गणवेशाची काज-बटणं लावणाऱ्या बायकांच्या पिशवीत मरून आणि राखाडी का असतो, याचं उत्तरही तेच.

आणि सामाईक माप फक्त कापडाचंच असावं लागतं असंही नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेली गोधडी वॉशिंग्टनमध्ये अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. अट एकच, तीन बाय सहा फूट. बाकी जीन्स, चामडं, टोप्या, कुणाच्या शर्टाची बटणं, सगळं चाललं. अर्थात ती पांघरायची गोधडी नव्हती, हे इथं सांगायलाच हवं.

गटात सध्या तीन पर्याय टेबलावर आहेत. पहिला, नियम आहे तसा. दुसरा, टेरिकॉटवाल्यांची वेगळी अदलाबदल. ऐकायला सोपं वाटतं, पण वीसच्या जागी पंधरा-पाचची वाटणी म्हणजे पाच जणींच्या हाती पाच चौकोनांचं बाळाचं दुपटंही धड होणार नाही, आणि कोणत्या पाच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरा पर्याय नगावर काम करणाऱ्यांपैकीच एकीनं सुचवला आणि तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक चौकोन, सुती असो की टेरिकॉट, धुवून आटवलेल्या साध्या मांजरपाटाच्या पायावर शिवायचा. म्हणजे आटायचं ते आधीच आटलेलं, आणि ओढ पडली तर ती पायावर पडते, शेजारच्या चौकोनावर नाही. सुती वरकापडही आधी दोनदा कोमट पाण्यातून काढायचं, लाल आणि गडद निळं असेल तर खडे मिठात भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहायचं. टेरिकॉटवर इस्त्री ओल्या सुती फडक्यावरूनच. शिवण दाबून बसत नाही म्हणून तिच्या दोन्ही अंगांनी वरून बारीक टीप, आणि गोधडीची अंगाकडची बाजू सगळ्यांची सुती. मांजरपाटाचा खर्च वाढतो, वजनही थोडं वाढतं. खर्च कुणी करायचा यावर एक बैठक गेली. शेवटी मांजरपाट एकत्र ताग्यानं घ्यायचा आणि वीस जणींत विभागायचा, इथपर्यंत गाडी आली आहे.

निर्णय मात्र व्हायचाय. पुढची बैठक जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उलगडल्यावर आहे. तोवर प्रत्येकीनं पायावर शिवलेला एक सुती आणि एक टेरिकॉटचा चौकोन करायचा, दोन्ही एकत्र जोडायचे, तीनदा धुवायचे आणि घेऊन यायचं. माप घरच्या फितीनं घ्यायचं नाही, कारण जुन्या फिती ताणून ताणून पाव इंचानं लांबलेल्या असतात. मोजायला सगळ्यांना एकच लोखंडी फूटपट्टी वापरायची आहे.