'शॅल' आणि 'विल': शाळेतल्या नियमाची पार्श्वभूमी

'आय' आणि 'वी'पुढे 'शॅल', बाकी सगळ्यांपुढे 'विल'. वचन, निश्चय किंवा आज्ञा असेल तर नेमके उलट. इंग्रजी शिकणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी हा नियम पाठ केला. पण ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांच्यातले बहुसंख्य लोक तो कधीच पाळत नव्हते. मग तो आला कुठून?

जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूप नव्हते. उद्याची गोष्टसुद्धा वर्तमानकाळातच सांगत आणि बाकीचे संदर्भावरून कळे. 'शॅल' आणि 'विल' ही तेव्हा स्वतंत्र अर्थाची क्रियापदे होती. 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणे लागणे', आणि त्यावरून 'करणे भाग असणे'. जर्मनमधला 'शुल्ड' हा शब्द त्याच कुळातला. त्याचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. 'विल' म्हणजे इच्छा असणे. मृत्युपत्राला आपणही 'विल' म्हणतो, त्यात हीच इच्छा आहे. जे करणे भाग आहे आणि जे करायची इच्छा आहे, ते दोन्ही पुढे घडायचे असते. त्यामुळे हळूहळू दोन्ही शब्द भविष्यकाळाकडे सरकले, पण आपापला जुना अर्थ घेऊनच.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या भाषांतरात लॅटिन भविष्यकाळासाठी प्रामुख्याने 'शॅल' वापरले गेले आणि 'विल' इच्छेसाठी राखले गेले. ग्रंथांत 'शॅल'ला प्रतिष्ठा मिळाली, बोलण्यात मात्र 'विल' पसरत गेले.

आणि मग 1653 साली जॉन वॉलिस यांचे इंग्रजीचे व्याकरण आले. वॉलिस हे ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक. अनंताचे ∞ हे चिन्ह गणितात आणल्याचे श्रेय त्यांनाच देतात. हे व्याकरण त्यांनी लॅटिनमध्ये लिहिले, परदेशी वाचकांना इंग्रजी कळावी म्हणून. प्रथमपुरुषात 'शॅल' नुसते भाकीत करते आणि 'विल' वचन किंवा धमकी देते. द्वितीय आणि तृतीयपुरुषात याच्या उलट, अशी त्यांची मांडणी होती. ती मनमानी नव्हती, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. स्वतःबद्दल 'विल' म्हटले की त्यात आपली इच्छा डोकावते, म्हणून साध्या भाकितासाठी उरते 'शॅल'. दुसऱ्याबद्दल 'शॅल' म्हटले की बोलणारा त्याच्यावर बंधन घालतो. बायबलच्या दहा आज्ञांमधले 'दाउ शॅल्ट नॉट' हे तेच बंधन. मग दुसऱ्याविषयीच्या साध्या भाकितासाठी 'विल'च उरते.

तर्क सुरेख होता, पण भाषेचा व्यवहार तसा नव्हता. 1795 साली निघालेल्या लिंडली मरे यांच्या अतिशय खपलेल्या व्याकरणाने हा भेद शाळाशाळांत नेला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतले लोक मात्र 'आय विल' म्हणत राहिले. त्यावरून इंग्रजांनी एक किस्साही रचला: बुडणारा माणूस ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' आणि नियम जाणणारे काठावरचे लोक त्याची ही 'इच्छा' मान्य करतात. 1906 साली इंग्रजीच्या वापरावर पुस्तक लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी तर कबूलच केले, की दक्षिण इंग्लंडमध्ये ही जाण उपजत येते आणि बाहेरच्याला ती कमावणे जवळजवळ अशक्य. परक्यांच्या सोयीसाठी मांडलेला नियम परक्यांनाच पेलेनासा झाला होता.

बोलताना दोन्हींच्या जागी नुसता 'ल' उरतो, त्यामुळे भेद आणखी पुसट झाला. 'वोन्ट' म्हणजे 'विल नॉट'चे आखूड रूप. त्यातला ओकार मात्र 'विल'च्या 'वोल' या जुन्या रूपातून आलेला आहे.

आज साध्या भविष्यकाळासाठी सर्व पुरुषांत 'विल' बिनदिक्कत वापरावे. त्यातली जुनी इच्छाही अजून जिवंत आहे: दार उघडत नसेल तर 'द डोअर वोन्ट ओपन' म्हणतात, जणू दारच नकार देते आहे. 'शॅल'ची खरी जागा प्रश्नात. 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?', इथे ऐकणाऱ्याची मर्जी विचारली जाते, आणि प्रमाण इंग्रजीत 'विल' ते काम करत नाही. दुसरी जागा कायद्याची. तिथे 'शॅल' कर्तव्य सांगते, पण कधी भविष्य, कधी नुसती मुभा असेही अर्थ त्यातून काढले गेले आणि वाद झाले. म्हणूनच 2007 साली अमेरिकेतल्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा नव्याने लिहिताना 'शॅल' वगळले आणि कर्तव्यासाठी 'मस्ट' घातले.