टँकर कुठे लागेल? बंधाऱ्यामुळे पाणी वाढलं का?

सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या ज्या मुलांना धोरण संशोधनात डेटा सायंटिस्ट व्हायचंय, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पायथॉन येतं, मशीन लर्निंगचा कोर्स झालाय, आता अजून काय शिकू? माझं उत्तर एकच. आधी दोन प्रश्न वेगळे ओळखायला शिका.

येत्या मे महिन्यात माण तालुक्यातल्या कोणत्या गावांना टँकर लागेल, हा एक प्रश्न. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे त्या गावांतलं पाणी वाढलं का, हा दुसरा. दोन्हींसाठी डेटा तोच: पाऊस, विहिरींची पातळी, पिकं, टँकरच्या नोंदी. सॉफ्टवेअर तेच, कित्येकदा रिग्रेशनही (एका आकड्याचा दुसऱ्या आकड्यांशी संबंध मांडणारं गणित) तेच. म्हणून तर गल्लत होते. पण पहिला प्रश्न अंदाजाचा आहे, दुसरा कारणाचा.

सांगलीकरांना हा फरक लगेच कळेल. पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडे असतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. उद्या सकाळी पातळी किती असेल हे सांगायला कोयनेचा विसर्ग, वारणेचं पाणी, पाणलोटातला पाऊस आणि आजवरच्या नोंदी पुरतात. पाणी का वाढलं, हे असा अंदाज काढणाऱ्या मॉडेलला, म्हणजे जुन्या नोंदींवरून बसवलेल्या गणिताला, कळायची गरज नाही. आकडा वेळेत आणि बरोबर आला, की माणसं आणि जनावरं हलवता येतात. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पूर वाढतो का, नदीपात्रातल्या अतिक्रमणांचा वाटा किती, हे मात्र कारणाचे प्रश्न. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली ती अशा प्रश्नांसाठी. रोजचा अंदाज कितीही अचूक असला, तरी त्यातून ही उत्तरं निघत नाहीत.

अंदाजाच्या कामाची परीक्षा तुलनेने सरळ असते. आधीच्या वर्षांवर मॉडेल शिकवा, त्याने न पाहिलेल्या वर्षावर तपासा. इथे एकच गोष्ट मी आग्रहाने सांगेन. ज्या गावाला टँकर लागणार होता ते यादीतून सुटलं, आणि ज्याला नको होता तिथे टँकर गेला, या दोन चुका सारख्या नाहीत. पहिल्या चुकीत बायामाणसं उन्हातान्हात कोसभर पायपीट करतात. म्हणून नुसता अचूकतेचा टक्का सांगून भागत नाही.

कारणाचा प्रश्न खरा अवघड. साताऱ्यात एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास. त्यामुळे 'कामं झालेली गावं' आणि 'न झालेली गावं' अशी सरळ तुलना करताच येत नाही. बरं, त्याच गावाची आधीची आणि नंतरची पातळी पाहावी, तर तिथेही फसगत. बंधारे आणि जलसंधारणाच्या कामांचं राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालं. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं दुष्काळाची, २०१६ ला पाऊस बरा झाला. २०१५ चा मे आणि २०१७ चा मे शेजारी ठेवले, तर बंधारा बांधला नसता तरी विहिरी वर आलेल्या दिसल्या असत्या.

यावरची एक पद्धत उदाहरणाने सांगतो. समजा, कामं झालेल्या गावांत मे महिन्यात पाणी जमिनीखाली ९ मीटरवर होतं, ते ७ वर आलं. दोन मीटरचा फायदा, असं कोणीही म्हणेल. आता तशाच जमिनीची, तशाच पावसाची, पण काम न झालेली गावं घ्या. तिथे साडेनऊवरचं पाणी ८ वर आलं. म्हणजे दीड मीटर पावसाने दिलं. कामाच्या पदरात टाकायला उरला अर्धा मीटर. हा हिशेब तेव्हाच टिकतो, जेव्हा काम झालं नसतं तर दोन्ही गटांत पाणी सारखंच वर-खाली झालं असतं असं मानायला आधार असतो. तो आधार शोधण्यात या नोकरीतला निम्मा वेळ जातो, आणि जायलाच हवा.

गावं निवडली कशी गेली, हेही विचारावं लागतं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. स्पर्धेत गावं स्वतःहून उतरतात. जे गाव एकजुटीने श्रमदानाला उतरतं, ते एरवीही पाणी जपून वापरत असेल, पीक बदलायला तयार असेल. मग श्रेय चरांना द्यायचं की त्या एकीला? वेळूच्या लोकांच्या घामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कामाचं मोजमाप नीट व्हावं असं वाटतं.

गल्लत प्रत्यक्षात कशी होते? टँकरच्या अंदाजाचं मॉडेल सांगतं की जिथे बोअर जास्त, तिथे टँकर जास्त. अंदाजासाठी ही खूण उपयोगी आहे. पण बैठकीत कोणीतरी म्हणतं, मग बोअरवर बंदी घाला, टँकर कमी होतील. उपसा रोखणं कदाचित योग्यही असेल, पण या मॉडेलवरून ते ठरत नाही. विहिरी आटल्या म्हणूनही लोक बोअर घेतात. बोअर तिथे टंचाईचं कारण आहे की टंचाईचा परिणाम, हे मॉडेलला माहीत नाही.

उलटी गल्लतही होते: टँकर घटले म्हणजे योजना यशस्वी. टँकर मिळतो तो ग्रामपंचायतीच्या ठरावाने, पाहणीने आणि मंजुरीने. मंजुरी कडक केली तरी टँकर घटतात, पाणी तेवढंच राहतं. आणि किती कामं पूर्ण झाली ही संख्या तर परिणाम मुळीच नव्हे. सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगने २०२० मध्ये नोंदवलं की जलयुक्तवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही.

दोन्ही कामांत डेटा जोडण्याची मेहनत मात्र सारखीच. एका फाइलीत बुद्रुक, दुसऱ्या फाइलीत नुसतं 'बु.', रोमन लिपीत एकीकडे 'व्ही', दुसरीकडे 'डब्ल्यू', वडगाव तर तालुक्यागणिक. त्यामुळे नावावर जोडू नका, शासनाच्या गाव-कोडवर जोडा. ज्या फाइलीत कोड नाही, तिथे तालुक्याची यादी समोर ठेवून हाताने जुळवा. वाडीवरचा टँकर मूळ गावाच्या नावावर चढलेला असतो, तेही तिथेच सापडतं.

सराव करायचा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी घ्या. त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजतात. सोबत जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं सामाजिक व आर्थिक समालोचन ठेवा. आणि कोणी 'एक मॉडेल करून द्या' म्हणालं, तर कोड लिहायच्या आधी विचारा: यावरून तुम्ही काय ठरवणार? टँकर कुठे पाठवायचा हे ठरणार असेल, तर अंदाज. योजना पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरणार असेल, तर आधी तुलनेची गावं शोधायला बसा.