बालकांचे सागरशिक्षण, गोवा

सागरी प्राणी व त्यांचे संरक्षण यांची लहान मुलांना, विशेषतः बालवाडी व प्राथमिक वर्गांतल्या मुलांना, करून दिली जाणारी ओळख.

गोव्यातल्या मुलाला समुद्र परका नसतो. बांगडा, तारली, सुंगटे, तिसऱ्या ही नावे त्याला अक्षरओळखीआधी येतात, पण ती स्वयंपाकघरातून. म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी. बाजारातून आणलेल्या बांगड्याचे कल्ले उघडून दाखवले, की पाण्यातला श्वास समजतो; आणि डॉल्फिनला कल्ले नसतात, श्वासासाठी वर यावेच लागते, हे ऐकून ‘मग तो मासा नाही?’ हा प्रश्न बहुधा मुलांकडूनच येतो.

पुढचा टप्पा किनाऱ्याचा. हणजूणसारख्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीत खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. त्यात रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगाई, पाण्याबाहेर राहिले की मिटणारी समुद्रफुले दिसतात. वाळूवर पसरलेल्या बारीक गोळ्या इवल्याशा खेकड्यांनी अन्न चाळून टाकलेल्या असतात, हे मुलांना भलतेच आवडते. नियम थोडेच : पाहावे, उचलू नये, उलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवावा, मेलेल्या जेलीफिशलाही हात लावू नये, कारण तीही डंख करते. शंख घरी नेऊ नये, कारण तो कुणाचे तरी पुढचे घर असतो. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत लांब हटते. सहली मात्र बसच्या वेळेवर ठरतात आणि ऐन भरतीत पोचतात. मग मुले पाहतात ती फक्त लाटा.

सर्वांत प्रसिद्ध पाठ कासवाचा. पेडण्यातील मोरजी व मांद्रे आणि काणकोणातील आगोंद व गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले (लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया) जातीच्या माद्या हिवाळ्यात वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात. वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात. ससा-कासवाच्या गोष्टीवर वाढलेल्या मुलांना दोन गोष्टी चकित करतात : समुद्री कासवाला डोके कवचात ओढून घेता येत नाही, आणि वाळू उबदार असेल तर माद्या, थंड असेल तर नर जास्त जन्मतात. ‘त्यांची आई कुठेय?’ याचे उत्तर सरळ द्यावे : अंडी झाकून ती त्याच रात्री समुद्रात परतली. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, त्यामुळे शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा उपाहारगृहांचे, दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश त्यांना भलतीकडे नेतात. पिल्लू तळहातावर घेऊन फोटो काढणे म्हणजे शिक्षण नव्हे, हौस.

पावसाळ्यात किनारा धोकादायक असतो. तेव्हा १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीचे कारण, म्हणजे माशांचा विणीचा हंगाम, घरातच सांगता येते. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असत. त्या शिंपल्यांतला जीव वास्कोजवळच्या चिखली गावाच्या उपसागरात आढळतो. अशा खिडकीच्या एका झडपेत किती शिंपले आहेत ते मोजायला सांगावे. बोटे लवकरच संपतात.