आधी पाण्याची वाट, मग भिंती

2011 साली अमेरिकेत खरबुजं खाऊन 147 जण आजारी पडले, त्यांतले 33 दगावले. जंतू होता लिस्टेरिया. माग निघाला तो कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या पॅकिंग शेडपर्यंत. तपासणीच्या अहवालात बारीकसारीक बरंच होतं, पण मुख्य दोष शेडच्या बांधणीतच निघाला: यंत्रांजवळ आणि कामगारांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पाणी साचत होतं, आणि जमीन धड धुता येत नव्हती. लिस्टेरिया फ्रिजमधल्या 4 अंशांतही वाढतो. त्याला ओल मिळाली की पुरे. पुढचा प्रवास तो चपला, ट्रॉलीची चाकं आणि उडालेले शिंतोडे यांच्या जिवावर करतो.

आपल्याकडे आंब्याचा रस, कोकम सरबत, लोणची यांचे छोटे उद्योग सुरू करताना सगळं लक्ष यंत्रांवर असतं. केंद्राने 2020 साली आणलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठेवलं. मग पल्परचं, म्हणजे गर काढण्याच्या यंत्राचं, कोटेशन तीन ठिकाणांहून येतं आणि इमारत गवंड्याच्या भरवशावर उभी राहते. पल्पर पुढेमागे बदलता येतो. जमिनीचा उतार चुकला तर कोबा फोडावा लागतो.

म्हणून नकाशावर पहिली रेघ पाण्याची मारावी. माल एका टोकाने आत येतो, धुतला जातो, कापला जातो, शिजतो, भरला जातो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. सांडपाणी बरोबर उलटं वाहायला हवं: भरण्याच्या खोलीकडून धुण्याच्या जागेकडे. असं केलं की मातीचं पाणी तयार मालाच्या खोलीत शिरतच नाही. उतार दर मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर पुरतो. गटार उघडं आणि उथळ असावं, वर उचलता येणारी जाळी असावी, आणि बाहेर पडण्याआधी पाण्याचा ट्रॅप, म्हणजे कायम पाणी भरून राहणारा बाक, असावा, नाहीतर त्याच वाटेने झुरळं आणि उंदीर आत येतात. सहा मिलिमीटरची फट उंदराच्या पिल्लाला पुरते.

आता फरशी. शहाबादी, कोटा, कडप्पा हे आपले नेहमीचे दगड. तिन्ही चुनखडीचे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबू पिळलं तर बुडबुडे येतात. आम्ल दगड खात असतं. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, कैरीत सायट्रिक. रोज सांडणाऱ्या रसाने एकदोन हंगामांत गुळगुळीत कोटा खरखरीत होतो आणि त्या बारीक खड्ड्यांत जंतू चिकट थर करून राहतात. या थराखाली ते इतके सुरक्षित असतात की वरून ओतलेलं जंतुनाशक खालपर्यंत पोचतच नाही. सिमेंटच्या कोब्याचीही तीच गत, कारण त्यातही चुना आहे. आम्लरोधक टाइल आणि सांध्यात एपॉक्सी, म्हणजे आम्लाला दाद न देणारं रेझिन, भरणं महाग पडतं खरं. पण साध्या सिमेंटचे सांधे भरून महागडी टाइल लावणं हा सगळ्यात वाईट सौदा: टाइल टिकते, सांधे विरघळतात.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो काटकोनही काढून टाकावा. गच्चीच्या कठड्याच्या बुडाशी गवंडी सिमेंटची गोलाई देतात, म्हणजे ‘वाटा’ काढतात, तसाच इथेही काढायला सांगा. खराटा कोपऱ्यात पोचत नाही, गोलाईवर पोचतो. खिडकीची कड आत उतरती ठेवली की तिच्यावर कुणी डबा ठेवत नाही. संडासाचं दार कामाच्या खोलीत उघडू नये, हे सांगायलाही नको.

हवेचा विचार मात्र क्वचितच कुणी करतं. कढईवर एक्झॉस्ट पंखा लावला की तो जिथून मिळेल तिथून हवा ओढतो. भरण्याच्या बाजूला जाळीची खिडकी नसेल, तर ती हवा साली टाकण्याच्या दारातून येते, माश्या आणि धूळ घेऊन. पंखाच नसेल तर वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि पत्र्यावरची धूळ, बुरशी घेऊन थेट रसात टपकते. कोकणात मेअखेर, पहिला पाऊस पडून पत्रा गार झाला आणि आत रस उकळतोय, तेव्हा हे हमखास दिसतं. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि कढईवर उतरता हूड एवढं केलं तरी टपकणं थांबतं.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी चार बादल्या पाणी सगळ्यात वरच्या कोपऱ्यात ओतून बघा. यंत्रांचे पाय जिथे येणार तिथे खडूने खुणा करा. अर्ध्या तासाने त्या खुणांपाशी डबकं असेल, तर हप्ता थांबवा आणि तेवढी जमीन उकरून घ्या.