गोचिडाची लस: टोचण्याआधी हे वाचा

लस दिल्यावर आठवड्याच्या आत आम्हाला हमखास फोन येतो. "अहो, गोचीड आहेत तसेच आहेत. पैसे पाण्यात गेले का?" गेलेले नसतात. या लसीनं गोचीड लगेच गळून पडत नाहीत. हे विकतानाच सांगायला हवं, म्हणून हा कागद.

फवारणी गोचिडाला बाहेरून मारते, लस त्याच्या पोटात शिरून काम करते. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात गोचिडाच्या आतड्यातलं 'बीएम८६' हे प्रथिन वेगळं केलं. ते जनावराला टोचलं की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. गोचीड रक्त पितो, सोबत प्रतिपिंडंही पितो आणि त्याचं आतडं आतून फाटत जातं. कासेच्या बेचक्यात किंवा शेपटीखाली नीट पाहा. टम्म फुगलेली मादी एरवी राखाडी, थेट एरंडीच्या बीसारखी दिसते. (एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस', लॅटिनमध्ये त्याचा अर्थच गोचीड!) लस लागू पडली असेल तर काही माद्या लालसर दिसतील. आतडं फुटून रक्त त्यांच्या अंगात पसरलेलं असतं.

खरा फरक पडतो अंड्यांत. गळून पडलेली एक मादी २ ते ३ हजार अंडी घालते. लसीनंतर पोटभर रक्त पिणाऱ्या माद्या घटतात, अंडीही घटतात, म्हणजे पुढची पिढीच विरळ होते. त्यामुळे हिशेब काही महिन्यांनी करा, आणि तोवर फवारणी एकदम थांबवू नका. क्यूबात १९९०च्या दशकात लस आणि फवारणी जोडीनं वापरली, तेव्हा औषधाचा वापर बराच खाली आला. कळपातलं एखादं जनावर सोडून बाकीच्यांना टोचण्यात मात्र अर्थ नाही. त्या एकावर पोसलेले गोचीड गोठा पुन्हा भरतात.

बूस्टर का लागतो? हे प्रथिन गोचिडाच्या आतड्यातच राहतं, चावताना जनावराच्या अंगात जात नाही. म्हणून कितीही गोचीड चावले तरी शरीराला त्याची आठवण होत नाही आणि प्रतिपिंडं ओसरत जातात. पहिल्या डोसनंतर साधारण ४ आठवड्यांनी दुसरा, मग बाटलीवरच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढचे. आमच्या अनुभवात लस फसते ती बहुतेकदा इथेच.

ही लस गुरांवरच्या 'मायक्रोप्लस' आणि त्याच्या जवळच्या जातींसाठी आहे. लांब पायांच्या 'हायलोमा' गोचिडावर तिचा भरवसा धरू नका. जनावराला ताप असेल, लघवी कॉफीच्या रंगाची होत असेल, तर तो गोचिडतापाचा मामला असू शकतो. त्याला उपचारच लागतात, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

डास आणि गोमाश्यांसाठीही अशी लस द्या, असं बरेच जण विचारतात. बाजारात ती नाही. गोचीड एकाच जनावरावर सुमारे ३ आठवडे ठाण मांडून बसतो. डास काही मिनिटांत पोट भरून उडून जातो, त्याला असं गाठणं फार अवघड. त्यांच्यासाठी शेणाचा ढीग हलवा आणि साचलेलं पाणी काढा.