शब्द पाळला की धीर वाढतो

‘आत्ता खाल्लास तर हा एकच. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन.’ समोर मार्शमेलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, ठेवून मुलांचा धीर पाहणारा हा प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी तो १९६०च्या दशकात सुरू केला. थांबलं ते मूल संयमी, न थांबलं ते उतावळं, असा सरधोपट अर्थ पुढे पालकांपर्यंत पोचला.

संशोधक सेलेस्ट किड यांच्या मनात मात्र वेगळीच शंका होती. त्यांनी कॅलिफोर्नियात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथे हातातला खाऊ दुसरं कुणी कधी हिसकावून नेईल, याचा नेम नाही. अशा ठिकाणी वाढणारं मूल कशाच्या भरवशावर थांबेल?

रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी व सहकाऱ्यांनी ३ ते ५ वर्षांची २८ मुलं घेतली आणि त्यांचे दोन गट पाडले. मार्शमेलोच्या आधी प्रत्येक मुलाला वापरून झिजलेले खडू दिले. ‘थोडं थांब, मी याहून छान रंग आणते,’ असं सांगून प्रयोग घेणारी ताई खोलीबाहेर गेली. एका गटात ती खरोखरच नवं सामान घेऊन आली. दुसऱ्या गटात हात हलवत परतली: ‘अरे, नाहीयेत रे आपल्याकडे.’ मग एक इवलासा स्टिकर, पुन्हा तसंच आश्वासन आणि पुन्हा तेच.

त्यानंतर मार्शमेलो आला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसलेली जेमतेम ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ होती. दुसऱ्या गटात एकच! हा शोधनिबंध २०१३ साली छापून आला.

प्रयोग छोटा आहे, त्यावरून कुणाच्या आयुष्याचं भाकीत करू नये. पण कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. म्हणजे एवढा फरक पडला तो समोरच्या मोठ्या माणसाच्या काही मिनिटांच्या वागण्यामुळे. ज्याला आपण मुलाचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग आपल्या शब्दाची पत असते, असं मला ठामपणे वाटतं. कामाच्या ठिकाणीही हेच दिसतं. पगार कधीच ठरल्या तारखेला होत नाही, बढतीचं आश्वासन दोनदा हवेत विरलं, अशा माणसाने वर्षभर चालणाऱ्या कामात जीव ओतावा ही अपेक्षाच चुकीची. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे तो अनुभवाने शिकलेला असतो.

लॉरा मायकेलसन आणि युको मुनाकाता या संशोधकांनी २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. खुद्द त्या मुलाला कुणी फसवावंही लागत नाही. एखादं मोठं माणूस तिसऱ्याच कुणाशी खोटेपणाने वागताना दिसलं, तरी त्या माणसाच्या शब्दावर मुलं कमी वेळ थांबतात. ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हे फोनवरच्या माणसासाठी असतं खरं, पण ऐकणारं पोर शेजारीच उभं असतं.