गर्भारपणातील निकोटीन पर्यायी उपचार

गर्भवती स्त्रीची तंबाखू सुटावी म्हणून तंबाखूतील निकोटीन तेवढे शुद्ध स्वरूपात, मोजून आणि ठरावीक मुदतीपुरते देण्याची उपचारपद्धती. च्युइंगम, चोखायची गोळी आणि त्वचेवर चिकटवायचा पॅच ही तिची प्रमुख रूपे. तलफ निकोटीनची असते. मात्र विडी-सिगारेट ओढणाऱ्या मातेच्या गर्भाला पोचणाऱ्या इजेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड व इतर विषारी द्रव्यांचा वाटा मोठा असतो. निकोटीन ठेवावे आणि धूर काढून टाकावा, असा या उपचारामागील विचार आहे. ‘पर्यायी’ या विशेषणामुळे निकोटीन कायमच घेत राहायचे असा समज होऊ शकतो. ‘बदली’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता, पण रूढ झाला तो पर्यायी. प्रस्तुत नोंदीत बडोदे येथील मराठी भाषक समाज विशेषेकरून डोळ्यांपुढे ठेवला आहे, कारण तेथे हा विचार जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथील बायकांची तंबाखू बहुधा धुराची नसून बोटाने दातांना लावायची असते.

मिसरी आणि बजर : २०१६–१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २ टक्के स्त्रिया धूम्रपान करतात, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १२.८ टक्के आहेत. मराठी घरांत हे सेवन मुख्यतः मिसरीचे, म्हणजे भाजून केलेल्या व दातांना लावायच्या तंबाखूच्या चूर्णाचे. मिश्री, मशेरी, मिशेरी अशीही तिची रूपे आढळतात. शब्दाच्या उगमाविषयी निश्चित सांगणे कठीण आहे. हिंदीत खडीसाखरेला मिश्री म्हणतात व ते नाव मिस्र म्हणजे इजिप्तवरून आले असे मानले जाते. त्या वाटेने तंबाखूच्या मिसरीलाही इजिप्तपर्यंत नेता येईल. तथापि दात काळे करण्याच्या ‘मिस्सी’ या चूर्णाशी तिचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही काळी, दोन्ही दातांना लावायची, आणि दोन्ही प्रामुख्याने बायकांची. पोर्तुगिजांमार्फत आलेली तंबाखू दख्खनेत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळली असावी. मोगल अधिकारी असदबेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली ती १६०४–०५ च्या सुमारास. म्हणजे तंबाखूची मिसरी त्याच्या फार आधीची असू शकत नाही. नाव मात्र जुन्या चूर्णाचे असून पुढे नव्या जिनसाला चिकटले असण्याचा संभव आहे.

मिसरीसाठी तंबाखूची सुकी पाने तव्यावर मंद आचेवर काळी पडेपर्यंत भाजतात. भाजताना घरभर ठसका उठतो. मग पाने हाताने चुरून, बारीक करून चूर्ण डबीत भरतात. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने तर्जनीने लावायची, आणि पुढे दिवसभरात काम उरकले की पुन्हा. नेहमी लावणारीच्या बोटाचे पेर काळसर झालेले असते.

गुजरातेत हेच काम ‘बजर’ करते. ती तपकिरीची जात. तिची भाजणी होत नाही. बडोद्यात अठराव्या शतकापासून, म्हणजे गायकवाडी अंमलापासून वसलेली दांडिया बाजार-रावपुऱ्याकडील मराठी घरे आहेत, आणि कामधंद्यासाठी खानदेशातून पुढे आलेली कुटुंबेही. त्यामुळे तेथे मिसरी व बजर हे दोन्ही शब्द कानांवर असतात, आणि विचारणाऱ्याने एकच उच्चारला की उत्तर हुकते. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘छे, आपल्यात कुठे!’ हे उत्तर खरेच असते. ‘तंबाखू खाता का?’ यालाही नाही, कारण मिसरी खात नाहीत, लावतात. ‘दातांना काय लावता, ताई?’ असे विचारले तरच डबी बाहेर येते. फुंकर मारून श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे जे यंत्र धूम्रपान ओळखण्यासाठी वापरतात, ते येथे कुचकामी आहे. जळत काहीच नसल्याने ते निर्व्यसनी म्हणूनच कौल देते. निकोटीनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन लघवीत वा लाळेत तपासले, तर मिसरी लपत नाही.

गर्भावरील परिणाम : प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा केला (प्रसिद्धी २००४). त्यांत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १७.१ टक्के होत्या व त्यांत मिसरीवाल्या पुष्कळ. अशा मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भकाळ ६.२ दिवसांनी आखूड झाला. याच मालिकेतील नंतरच्या विश्लेषणात मृतजन्माचा धोकाही वाढलेला आढळला. २०१० साली आशा प्रतिनिधी व सहकाऱ्यांनी केवळ मिसरीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भारपणात समजावून सांगून मिसरी सोडवता वा कमी करता येते, असा त्याचा सूर आहे. निकोटीन वार (अपरा) ओलांडून गर्भापर्यंत पोचते. गर्भाच्या मेंदूवर व फुप्फुसांवर त्याचा दुष्परिणाम होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून धूर गेला म्हणजे निकोटीन निरुपद्रवी झाले, असे म्हणता येत नाही. फार तर ते तुलनेने कमी घातक आहे.

उगम : निकोटीन हा तंबाखूतील अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत आढळणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य; पोसेल्ट व राइमन यांनी ते हायडेलबर्ग येथे १८२८ साली वेगळे काढले. औषध म्हणून ते स्वीडनमध्ये पुढे आले. पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असताना खलाशी तोंडात तंबाखू धरून वेळ निभावतात, हे लुंड येथील क्लेस लुंडग्रेन व स्टेफान लिख्तनेकर्ट यांच्या ध्यानात आले होते. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी तसे हेलसिंगबोर्ग येथील लिओ कंपनीतील ओव्ह फेर्ने यांना कळवले. फेर्ने यांनी निकोटीन एका राळेला बांधून च्युइंगममध्ये घातले. कल्पनेचे श्रेय पहिल्या दोघांचे आणि औषधाचे फेर्ने यांचे, अशी विभागणी सामान्यतः मान्य आहे. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये व १९८४ मध्ये अमेरिकेत या च्युइंगमला परवानगी मिळाली.

पॅचच्या जनकत्वाचा वाद मात्र मिटलेला नाही. एका बाजूला लॉस एंजेलिसचे मरे जार्विक व जेड रोझ. ओली तंबाखू खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा जो ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ होतो, त्यावरून निकोटीन कातडीतून शिरते हे त्यांना ठाऊक होते. माणसांवर प्रयोगाची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी तंबाखू स्वतःच्याच कातडीवर लावून पाहिली. त्यांचा पहिला शोधनिबंध १९८४ चा. दुसऱ्या बाजूला न्यू मेक्सिकोचे फ्रँक एट्सकोर्न. द्रवरूप निकोटीन हातावर सांडून मळमळ सुटल्यावर त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. त्यांचे पेटंट १९८६ चे, म्हणजे जार्विक-रोझ यांच्या पेटंटाहून आधीचे. पेटंटाच्या तारखेपेक्षा प्रसिद्ध निबंधाला अधिक वजन द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बडोद्याच्या वाचकाला यातील मजुरांचा भाग दूरचा वाटू नये. शहराच्या उत्तरेस लागून असलेला चरोतर हा विडी-तंबाखूचा मुलूख. खुडणी करणाऱ्या मजुरांमधील हा आजार अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी गुजरातेत नोंदवला आहे. तंबाखू वाळवण्या-चाळण्याची जागा, जिला तिकडे ‘खळी’ म्हणतात, तेथेही स्त्रिया कामाला असतात. अशी स्त्री गर्भवती असली तर व्यसन नसतानाही कातडीतून व श्वासातून तिला निकोटीन मिळत राहते. तिला पॅच नव्हे, काम बदलून हवे असते.

चुना आणि च्युइंगम : तोंडाच्या अस्तरातून निकोटीन रक्तात जाण्यासाठी तेथील माध्यम आम्लारिधर्मी लागते. आम्लधर्मी माध्यमात निकोटीनचे रेणू विद्युत्भारित होतात आणि अस्तर ओलांडू शकत नाहीत. तळहातावर तंबाखू मळताना चुना का घालायचा, याचे उत्तर हेच. निकोटीन च्युइंगममध्ये चुन्याच्या जागी सोडियम कार्बोनेट वा बायकार्बोनेट असते, एवढाच फरक. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच शिरायला हवे, म्हणून ते साध्या च्युइंगमप्रमाणे सतत चावायचे नसते. जीभ झणझणेपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे. झणझण ओसरली की पुन्हा चावायचे. असे सुमारे अर्धा तास. लाळेबरोबर गिळलेले निकोटीन आधी यकृतात जाऊन बहुतांशी वाया जाते, आणि वर उचक्या व जळजळ मागे ठेवते. गर्भारपणात पित्ताचा त्रास आधीच असतो, त्यामुळे हे विशेष जाचते.

च्युइंगमपूर्वी १५ मिनिटे व ते तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नये, असे सांगतात. गर्भवतीच्या बाबतीत ही सूचना नुसती पोचवून भागत नाही. डोहाळे चिंच-कैरीचे लागलेले असतात, आणि चिंचेचे बोटुक चोखत चोखत चघळलेल्या च्युइंगमचा उपयोग जवळपास शून्य. ‘त्याने काही होत नाही’ अशी तक्रार आली, तर मात्रा वाढवण्याआधी आंबट काय खाल्ले ते विचारावे.

गर्भारपणातील मात्रा : गर्भारपणात यकृत निकोटीनचा निचरा झपाट्याने करते. डेम्पसी, जेकब व बेनोविट्झ यांच्या २००२ च्या अभ्यासात त्याच स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतरच्या मानाने गर्भारपणात निकोटीनचा निचरा ६० टक्क्यांनी व कोटिनिनचा १४० टक्क्यांनी अधिक आढळला. कोटिनिनचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, १६.६ तासांवरून ८.८ तासांवर आले होते. सर्वसाधारण प्रौढांसाठी ठरवलेली मात्रा गर्भवतीला अपुरी पडते ती यामुळे, असा तर्क आहे. २४ तासांच्या पॅचऐवजी १६ तासांचा लावून झोपताना काढावा, म्हणजे गर्भाला रात्रीपुरती तरी उसंत मिळते, असा प्रघात आहे. उलट्यांमुळे च्युइंगम सोसत नसेल तर पॅच सोयीचा.

चाचण्या व मतभेद : सर्वांत चर्चिलेली चाचणी इंग्लंडमधील टिम कोलमन व सहकाऱ्यांची (२०१२). १,०५० धूम्रपायी गर्भवतींपैकी निम्म्यांना १६ तासांचा १५ मिलिग्रॅमचा पॅच व उरलेल्यांना खोटा पॅच दिला. प्रसूतीपर्यंत धूम्रपानमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ९.४ व ७.६ टक्के, म्हणजे फरक नगण्य. पण निकोटीन गटात महिन्याहून अधिक काळ पॅच लावणाऱ्या होत्या केवळ ७.२ टक्के. औषध निष्प्रभ ठरले की ते घेतलेच गेले नाही, हा प्रश्न तेव्हापासून खुला आहे. दोन वर्षांनी मुलांची पाहणी केली तेव्हा पॅच गटातील ७२.६ टक्के मुले विकासदोषाविना वाढलेली दिसली, दुसऱ्या गटातील ६५.५. फ्रान्समधील इव्हान बर्लिन यांनी ४०२ स्त्रियांना लाळेतील कोटिनिन पाहून मात्रा दिली (२०१४), तरी फरक पडला नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची समीक्षा करणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या समीक्षेने सर्व चाचण्या एकत्र करून तंबाखू सुटण्याची शक्यता सुमारे १.३७ पट होत असावी असा अंदाज बांधला, पण पुराव्याची खात्री कमी ठरवली.

त्यामुळे मार्गदर्शक सूचनाही एका सुरात नाहीत. ब्रिटनमध्ये समुपदेशनाच्या जोडीने हा उपचार लवकर विचारात घ्यावा असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये गर्भवतींसाठी त्याच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस करता येत नाही असे म्हटले, आणि ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही तंबाखू सोडवण्याची औषधे देऊ नयेत असे सुचवले. अमेरिकी प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२१ मध्ये पुरावा अपुरा ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांत धूरविरहित तंबाखूसाठी निकोटीन उपचार व व्हॅरेनिक्लिन सुचवले आहेत, पण त्या सूचना सर्वसाधारण प्रौढांसाठी आहेत.

वर उल्लेखिलेल्या सर्व चाचण्या धूम्रपायी स्त्रियांवरच्या आहेत, हे दुय्यम साहित्यात बहुधा निसटते. सिगारेट सोडून पॅच लावणारीचा कार्बन मोनॉक्साइड थांबतो. मिसरी सोडून च्युइंगम घेणारीच्या बाबतीत थांबवायला तो नव्हताच. मिसरीतील नायट्रोसामाइने व भाजणीत तयार होणारी कर्करोगकारक द्रव्ये टळतात, हिरड्या वाचतात, मात्रा मोजता येते व उतरवता येते. मात्र निकोटीन आहे तसे राहिले तर गर्भाच्या पदरात लाभ त्या मानाने थोडाच पडतो. म्हणून मिसरीच्या बाबतीत समुपदेशन आधी, त्याने न भागल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी मात्रेचे च्युइंगम, तेही लवकर उतरवत नेण्याच्या बेताने, हा क्रम अधिक सयुक्तिक दिसतो. सकाळी दात घासल्यावर शौचाला होण्यासाठी मिसरी लागते ही तक्रार जवळपास नेहमीची. बद्धकोष्ठ हा गर्भारपणाचाच एक त्रास असल्याने त्यावर स्वतंत्र उपाय केला, की डबीचे अर्धे काम संपते.

भारतातील स्थिती : निकोटीन उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधयादीत आला. २ मिलिग्रॅमपर्यंतचे च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत आले आहे. गर्भवतीने ते परस्पर घेऊ नये. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून, तर गुजरातेत गुटख्यास २०१२ पासून बंदी आहे. घरी तव्यावर भाजलेली मिसरी दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीसेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून पाकिटांवर छापतात, पण सुट्या पानाला पाकीट नसते.

प्रसूतीनंतर : निकोटीनचा निचरा पूर्ववत मंदावतो, आधीची मात्रा तशीच चालू ठेवली तर ती जास्त होते. निकोटीन अंगावरच्या दुधात उतरते. उपचार चालू असल्यास च्युइंगम बाळाला पाजल्यानंतर घ्यावे, पाजण्याआधी नाही.